जडसंग्रह

सरकारी कचेऱ्यांतून ज्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांत 'जडवस्तू संग्रह नोंदवही' या नावाची एक वही असते. खुर्च्या, मेजे, कपाटे, पितळी कुलपे, पाण्याचे रांजण आणि पुढेपुढे संगणक यांची त्या वहीत अनुक्रमांकाने नोंद व्हावयाची, आणि वस्तू निकामी झाली म्हणजे वरिष्ठांच्या हुकमाने तिचे 'निर्लेखन' होऊन तांबड्या शाईची एक रेघ त्या ओळीवरून जावयाची, असा तिचा रिवाज. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीत माझ्या नोकरीची अखेरची अकरा वर्षे ही वही माझ्या हवाली होती. ज्या 'जड' शब्दासाठी दर्शनकारांनी शतकानुशतके एकमेकांशी वाद मांडले, तो शब्द माझ्या लेखणीतून रोज उतरत असे, आणि त्याचा अर्थ काय हे स्वतःस विचारावे असे मला त्या अकरा वर्षांत एकदाही वाटले नाही. तो प्रश्न मला पडला तो सेवानिवृत्तीनंतर, खामगावच्या एका भंगाराच्या वखारीत.

जुने संगणक जमवण्याचा नाद मला निर्लेखनाच्या कामातूनच लागला. आरंभीच्या काळी निकामी संगणकांचा लिलाव मोडक्या खुर्च्यांच्या बरोबरीने, एकूण वजनावर होई. २०११ चे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आल्यावर अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच ही यंत्रे गेली पाहिजेत असे ठरले, आणि ते योग्यच झाले, कारण त्यांतले शिसे आणि कॅडमियम उकिरड्यावर जाऊन शेवटी विहिरीच्या पाण्यात उतरते. पण ज्या यंत्रावर एखाद्या कारकुनाने आपली दृष्टी अधू करून घेतली, ज्याच्या कळांवरची अक्षरे बोटांनी घासून पुसट झाली, ते यंत्र तराजूच्या पारड्यात पडताना पाहिले की काही अनुचित घडते आहे असे मनास वाटे, आणि ते का वाटते हे सांगता येत नसे. नोकरीत असेतो कचेरीची एकही वस्तू मी घरी आणली नाही. निवृत्तीनंतर मात्र खामगाव, अकोला आणि क्वचित पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार येथून रास्त दाम मोजून मी यंत्रे आणू लागलो, आणि मेहकरच्या माझ्या घराची माडी त्यांनी भरत गेली.

खामगाव हे कापसाचे आणि चांदीचे गाव. कापसाच्या ओढीने इंग्रजांनी १८७० साली जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला, आणि चांदीच्या कारागिरीमुळे त्यास लोक रजतनगरी म्हणतात. चांदीच्या पेढीवर जुने पैंजण, फुटका करंडा, दबलेले ताम्हन घेऊन गिऱ्हाईक आले की पेढीवाला त्यास 'मोड' म्हणतो. मोडीचे वजन होते, घट वजा होते, आणि वस्तू मुशीत जाते. 'मोडीत काढणे' हा आपला वाक्प्रचार तेथे रोज अक्षरशः आचरणात येतो. भंगाराच्या वखारीतही न्याय तोच, फक्त चांदीच्या ठिकाणी मदरबोर्डावरचा सोन्याचा मुलामा येतो. मुशीस वस्तूचे नाव ठाऊक नसते. तेथे शिरल्यावर राजाराणीचे पैंजण आणि मोलकरणीचे जोडवे यांत भेद उरत नाही. वेदान्ती ज्यास नामरूपाचा लय म्हणतात तो पाहावयाचा असेल तर खामगावच्या सराफ्यात तासभर बसावे.

त्या वखारीत एका पोत्याआड मला एक ४८६ जातीचा संगणक दिसला. उन्हाळ्याच्या दिवसांत जुन्या पुस्तकाचे पान पिवळे पडावे तसे त्याचे कॅबिनेट पिवळे पडले होते. आणि पुढच्या भागावर, चालू-बंद करण्याच्या खटक्याच्या वर, कुंकवाचा एक स्वस्तिक होता. स्वस्तिक एकाच दिवशी काढलेला नव्हता. एका वर्षीच्या रेघेवर दुसऱ्या वर्षीची रेघ, तिच्यावर तिसऱ्या वर्षीची, असे थर चढत जाऊन त्याची कड नखाला लागेल इतकी उंचावली होती. खालचे थर काळसर, वरचा अजून तांबडा. दोन अक्षता थरांत रुतून कायमच्या राहिल्या होत्या. आपल्याकडे खंडेनवमीला विळा, कोयता, नांगर, तराजू यांची पूजा होते. आडत दुकानांतून आणि जिनिंगच्या कचेऱ्यांतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तराजूशेजारी संगणकही बसला, आणि झेंडूची माळ त्याच्याही गळ्यात आली. हे यंत्र एका आडत्याचे होते. आडत्या निवर्तल्यावर दुकानाची जागा रिकामी करताना ते वखारीत आले होते.

घरी आणून झाकण उघडले तेव्हा आत कापूस होता. सरकीपासून सुटलेले बारीक तंतू हवेबरोबर पंख्यात शिरून वर्षानुवर्षे साचले होते, आणि त्यांचा करड्या रंगाचा एक जाड थर, बिछान्यातल्या गादीसारखा, मदरबोर्डावर पसरला होता. खामगावचे सारे हंगाम त्या थरात दबलेले होते म्हटले तरी चालेल. त्या काळच्या मदरबोर्डावर तारीख-वेळ जपणारी एक लहानशी बॅटरी असते. ती कालांतराने गळते, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. जुनी यंत्रे जपणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे ती बॅटरी काढणे. मी ती काढली, हिरवट-निळा क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने निववला, तुटलेल्या तीन रेषा केसासारख्या तारेने सोल्डर करून जोडल्या. आणि मग, एका खाचेत बसवलेले जिस्ट कार्ड दिसले.

या कार्डाविषयी चार शब्द सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण ज्यांनी ते पाहिले नाही त्यांना त्याचे ऋण कळणार नाही. संगणक आपल्याकडे आला तो रोमन लिपी घेऊन आला. त्यात देवनागरी उमटावी यासाठी आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आदींनी जे काम आरंभिले, ते पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले. हे कार्ड यंत्राच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावलीसुद्धा पडद्यावर मराठी अक्षरे दाखवू लागे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सांकेतिक प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून मुक्रर झाले. ज्या सी-डॅकने त्याच वर्षी परम ८००० हा महासंगणक घडवला, आणि ज्याचे नेतृत्व आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांनी केले, त्या संस्थेचे नाव निघाले की लोक परमची आठवण काढतात. मला मात्र वाटते, की आडत दुकानातल्या मुनिमाच्या पडद्यावर पहिल्यांदा 'श्री' उमटला, तो दिवस परमच्या दिवसाहून उणा नव्हता.

आता माझ्या हातून घडलेला अपराध सांगतो. यंत्र चालू झाले, हार्ड डिस्क फिरू लागली, तिच्यात कोणाचे तरी हिशोब, उचल, देणी असणार हे उघड होते. आणि परक्याच्या व्यवहारात डोकावू नये, निर्लेखन करताना यंत्र कोरे करून द्यावे, या कचेरीतल्या शिस्तीस जागून मी कोणतीही फाइल न उघडता चकतीच्या पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत शून्ये लिहून टाकली. रात्रभर ते काम चालले होते. सकाळी एक सत्कृत्य पार पडल्याचे समाधान मला वाटले, हे लिहिताना आज हात जड होतो.

सात-आठ महिन्यांनी त्या आडत्याचा मुलगा पत्ता काढीत मेहकरला आला. "काका, बाबाची मशीन तुमच्याकडं हाये म्हन्ते," तो म्हणाला, "तिच्यात नावं होती." हिशोबाशी त्यास कर्तव्य नव्हते. आषाढी आटोपून पंढरपुराहून परतणारी गजानन महाराजांची पालखी अखेरच्या टप्प्यात खामगावहून शेगावास जाते, आणि त्या दिवशी खामगावातली माणसे तिच्यामागे पायी निघतात. त्यांच्या आळीतून दरसाल कोण कोण चालले, कोण आजारी म्हणून राहिले, कोणाचा हा शेवटचा फेरा ठरला, याची फेरिस्त त्याच्या वडिलांनी त्या यंत्रावर, मराठीत, वर्षावर्षाला लिहून ठेवली होती. मी त्यास काय घडले ते सांगितले. तो रागावला नाही. थोडा वेळ त्या स्वस्तिकाकडे पाहत बसला, चहा घेतला, आणि गेला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला: त्या रात्री नष्ट काय झाले? चकती तितकीच जड होती, तिच्यावरच्या चुंबकीय लेपाचा एक कणही उणा झाला नव्हता. वैशेषिकांच्या भाषेत बोलावयाचे तर द्रव्य गेले नव्हते. गेली ती कणांच्या चुंबकत्वाची दिशा, म्हणजे केवळ एक मांडणी. आणि तरीही एका आळीतील कित्येक वर्षांची माणसे गेली होती.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेग. वाकवलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक. आणि अनुभवाचा जो ठसा राहून पुढे स्मरण घडवतो ती भावना. पहिला आणि तिसरा जड द्रव्यांत राहू शकतात, पण भावना ही केवळ आत्म्याची. यंत्राच्या ज्या भागास आपण सरसहा 'मेमरी' म्हणतो, त्यात भावना नाही. तेथे आहे ती जडाची धारणा. आणि जडाची ही धारणाशक्ती काही मनुष्याने निर्माण केलेली नाही. लोणारचे सरोवर ज्या काळ्या पाषाणात कोरले गेले आहे, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला, तेव्हा त्यातल्या लोहयुक्त कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या क्षणीची दिशा धरून ठेवली. ती दिशा मोजून भारताची भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती असे अनुमान संशोधकांनी काढले, आणि १९५० च्या दशकात त्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळी होती. त्याच संस्थेत, त्याच दशकात, टिफ्रॅक हा संगणक घडत होता; १९६० मध्ये तो पूर्णत्वास आला, आणि त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा, अशी फेराइटच्या इवल्या कड्यांत ओवलेली होती. एका अंकास एक कडी असा हिशोब केला तर सुमारे ८२ हजार कड्या होतात. एकाच छपराखाली काही माणसे दगडाने काय धरून ठेवले आहे ते वाचीत होती, आणि काही माणसे लोहाच्या कड्यांना धरावयास शिकवीत होती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाच्या फटीतून आतली तपकिरी चकती पाहिली की मला आमच्या घराच्या भिंतीवरचा गेरू आठवतो. तोही लोहाचाच ऑक्साइड.

दगड धरतो, स्मरत नाही. मग स्मरतो कोण, आणि कशाच्या आधाराने? न्यायशास्त्राचे म्हणणे असे की आत्म्यातला संस्कार निजलेला असतो, त्यास जागवण्यास काही उद्बोधक लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांत या उद्बोधकांची एक लांब यादी आहे. तीत साम्य आहे, वियोग आहे, भय आहे, प्रीती आहे, आणि माझ्यासारख्याने थबकून वाचावे असा एक शब्द आहे: परिग्रह. जवळ बाळगलेली वस्तू बाळगणाऱ्याचे स्मरण करून देते, असा त्याचा आशय. आणि हाच शब्द 'अ' लावून पतंजलीने यमांत घातला आहे. इतकेच नव्हे, तर अपरिग्रह ज्याचा स्थिर झाला त्यास आपल्या जन्मांचे ज्ञान होते, असे योगसूत्रांत म्हटले आहे. एक ऋषी म्हणतो, जवळ ठेवल्याने आठवते. दुसरा म्हणतो, जवळचे सोडल्याने गतजन्मीचेही आठवते. या दोन वचनांच्या मधोमध माझी माडी उभी आहे.

माझे मामा वारकरी होते. ते एकदा माडीवर आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "तू काहून सांभाळतं रे बाप्पा हे समदं? माणूस गेला तं त्याची खाटसुद्धा आपण दान करतो." शय्यादानाचा तो दाखला इतका समर्पक होता, की मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती असा घराघरातला जडसंग्रह जन्मभर जमवला, त्यास अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले, आणि पुढे तो सगळा सरकारच्या स्वाधीन केला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी परिग्रह आणि दान ही दोन्ही टोके एकाच आयुष्यात गाठली. आज मामा असते तर मी त्यांना केळकरांचे उदाहरण दिले असते. पण त्यासरशी हेही कबूल केले असते, की जो संग्रह देता येत नाही तो मोहच, मग त्यावर इतिहासाचे कितीही मोठे नाव लिहा.

जुन्या यंत्रांचा शौक करणाऱ्यांत देवघेव चालते, आणि तिचे काही अलिखित कायदे आहेत. चालू असलेले फ्लॉपी ड्राइव्ह ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक मागणाऱ्यास द्यावा. मोबदल्यात पैशाहून वस्तूची अदलाबदल बरी समजली जाते. आणि ज्याच्याकडे वाचावयाचे काही आहे पण यंत्र नाही, त्याचा हक्क पहिला. हा तिसरा कायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोडी लिपीचे दप्तर हाती असून वाचणारा न मिळाल्यामुळे जमिनीच्या तंट्यात हतबल झालेली कुटुंबे मी कचेरीत पाहिली आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो जुनी दप्तरे वाण्याच्या पुड्यांत जाण्याच्या काळी. आज तीच गत युनिकोडपूर्वीच्या मराठी मजकुराची झाली आहे. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांच्या स्मरणिका, कोण्या मास्तरांची कादंबरी, असे किती तरी साडेतीन इंची फ्लॉप्यांत पडून आहे, आणि नव्या यंत्रात ते घातले तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. अक्षर म्हणजे ज्याचे क्षरण होत नाही ते, असे आपण लहानपणी शिकलो. हे अक्षर क्षरते, आणि फार लवकर क्षरते. ज्या यंत्राने ते लिहिले ते यंत्र चालू स्थितीत कोठे तरी असणे, एवढाच त्यावर खरा उपाय आहे, आणि माझ्या माडीचे समर्थन मी यापलीकडे करू इच्छीत नाही.

तथापि त्या यंत्रावरच्या कुंकवाचा प्रश्न याने सुटत नाही, कारण कुंकवास वाचावयाचे काही नसते.

आमच्या मेहकरात शारंगधराची विष्णुमूर्ती आहे. १८८८ साली उत्खननात ती सापडली. सरकार ती विलायतेस नेईल या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने तिची स्थापना केली असे आमच्याकडे सांगतात. त्या पाषाणाच्या तेजस्वी, शांत मुखापुढे उभे राहिले की मला नेहमी वाटते, जमिनीखाली ज्या काळात ती होती, कोणी फूल वाहत नव्हते, कोणास तिचे नावही ठाऊक नव्हते, त्या काळात ती देव होती की दगड होती? गणपतीच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी ही शंका उरू दिली नाही: प्राणप्रतिष्ठेने देव येतो, उत्तरपूजेने जातो, मूर्ती जागची किंचित हलवली जाते, आणि त्यानंतर उरते ती माती, जिला पाण्यात सोडताना दुःख होते पण दोष लागत नाही. शारंगधराची उत्तरपूजा कोणी केली नव्हती. ज्यांनी त्यास पुरले त्यांनी तो परत यावा म्हणूनच पुरले असावे. आणि विळ्या-कोयत्याची, तराजूची, संगणकाची उत्तरपूजा तर आमच्या भागात मी कोठेच पाहिली नाही. खंडेनवमीस आपण त्यांत काही तरी बोलावतो आणि दुसऱ्या दिवशी हत्यार उचलून कामास लागतो. बोलावलेल्यास परत पाठवण्याचा विधी नाही. मग वीस वर्षे ज्यास दरसाल बोलावले आणि एकदाही निरोप दिला नाही, ते पोत्याआड पडलेले यंत्र, माझ्या नोंदवहीच्या अर्थाने, जड म्हणता येईल काय?

ज्ञानदेवांनी भिंत चालवली ही कथा लहानपणी ऐकताना आपले लक्ष चमत्काराकडे असते. मोठेपणी 'अमृतानुभव' समजून घेण्याचा यत्न केल्यावर त्या कथेतला आग्रह निराळा भासतो: चैतन्यावाचून वेगळे असे काही ज्यांना मान्यच नव्हते, त्यांच्या लेखी भिंत चालणे हे नवल नव्हे, ती जड आहे असे आपणांस वाटणे हे नवल. तितकी दृष्टी मला नाही. मी वैशेषिकांपाशीच थांबतो, आणि इतकेच म्हणतो, की यंत्रात भावना नाही हे खरे असले तरी यंत्रावर वाहिलेले कुंकू कोणाच्या तरी भावनेचे उद्बोधक आहे, आणि दुसऱ्याच्या आत्म्यातला संस्कार जागवण्याचे जे साधन आहे, त्याचे निर्लेखन करण्याचा अधिकार मला कोणत्याही हुकमाने मिळत नाही.

पिवळे पडलेले प्लास्टिक पुन्हा पांढरे करण्याची एक रीत आहे. त्यातल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधक द्रव्यामुळे तो पिवळेपणा येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन वस्तू उन्हात ठेवली की तो उतरतो, आणि आमच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हास हे काम एका दिवसाचे. झिजलेल्या मूर्तीस वज्रलेप द्यावा की न द्यावा, यावर आपल्याकडे जसा वाद होतो, तसाच हाही वाद आहे. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ मध्ये काढले तेव्हा मूळ रूप प्रकट झाले, आणि ते काम योग्यच होते, कारण शेंदराखाली देवी होती. कुंकवाच्या त्या थरांखाली मात्र प्लास्टिक होते. थर हेच मूळ रूप. मी झाकण आणि दोन्ही बाजू पांढऱ्या केल्या, आणि पुढचा भाग होता तसा पिवळा ठेवला.

गेल्या खंडेनवमीस आडत्याचा मुलगा पुन्हा आला. मीच त्यास निरोप धाडला होता. येताना त्याने झेंडूची माळ आणि घरचे कुंकू आणले. माडीवर बैठक घालून त्याने बोटाने जुन्या रेघांवरून नवी रेघ फिरवली, अक्षता टाकल्या, आणि मला यंत्र चालू करावयास सांगितले. पंख्याचा आवाज झाला, स्मृतीची मोजणी पडद्यावर धावली, चकती फिरली. आणि मग, चकतीवर काहीच नसल्यामुळे, सिस्टिम सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येऊन थांबली. आम्ही दोघेही त्या ओळीकडे पाहत राहिलो. मला शरमेने बोलवेना.

"बाबा इथं बसायचे," तो म्हणाला, "आन् मी मागून नावं सांगायचो. त्यायले घाई नसे. एक नाव झालं का दुसरं." तो थोडा वेळ थांबला. त्याची नजर पडद्यावरून खटक्यावर, खटक्यावरून ओल्या कुंकवावर गेली. मग त्याने एक नाव उच्चारले. ते त्याच्या आजीचे होते. मी जवळची वही ओढली आणि लिहून घेतले. त्यापाठोपाठ शेजारच्या घरातली दोन नावे आली, मग एका शिंप्याचे, मग ज्याने एका वर्षी भर पावसात पालखीवर घोंगडी धरली होती त्याचे. काही नावांबरोबर साल येई, काहींबरोबर नुसती पायातली वहाण किंवा हातातली काठी येई. दिवेलागणीपर्यंत एकोणीस नावे झाली. विसाव्या बाईचे नाव त्यास काही केल्या आठवेना, डोक्यावर तुळस घेऊन ती सगळ्यांच्या पुढे चालत असे एवढेच आठवे; म्हणून ओळ मोकळी सोडून मी शेजारी तेवढेच लिहिले.